घरच्यांना घेऊन कॅफेत जाताना: खानदेशात जागा आणि चव कशी पारखावी

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, चाळीसगाव, अमळनेर, कुठंही जा, कॉलेजच्या रस्त्याला दोन-चार कॅफे असतातच. त्यातले बहुतेक कॉलेजच्या पोरापोरींना डोळ्यांसमोर ठेवून थाटलेले. चार दोस्तांना तिथं तीन तास बसायला काहीच अडचण नसते. पण आजी, गुडघ्यांनी बेजार झालेले नाना, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली बहीण, तिची दोन पोरं आणि चतुर्थी धरलेली आई अशी वरात घेऊन त्याच जागी गेलं की सगळा हिशोब बदलतो. म्हणून जागा पारखायची ती सगळ्यांत कमी सोसणाऱ्या माणसाच्या अंगानं. आजीला बसवलं, ऐकू आलं, पचलं, तर बाकीच्यांचं आपोआप निभतं.

दुसरी गोष्ट, मोजपट्टी एकच ठेवा. प्रत्येक नव्या ठिकाणी एक गरम कॉफी आणि एक साधं व्हेज ग्रिल सँडविच मागवायचंच, बाकी काय हवं ते मागवा. एका ठिकाणी पिझ्झा खाल्ला, दुसऱ्या ठिकाणी पास्ता, तिसऱ्या ठिकाणी शेवभाजी, आणि मग 'पहिलंच बरं होतं' म्हणालात तर त्या म्हणण्याला काही अर्थ नाही.

निघण्याआधी एक फोन

फोटो बघून जागा ठरवू नका. फोटोत भिंत दिसते, जिना दिसत नाही. आपल्याकडचे निम्मे कॅफे कॉम्प्लेक्सच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर असतात, लिफ्ट असली तरी चालू असेलच असं नाही, आणि पायऱ्या उंच. तेव्हा फोनवर पहिलं हेच विचारा: "भाऊ, बसायला खाली आहे का वर? पाठ टेकायच्या खुर्च्या आहेत ना?" बुटके, मऊ सोफे फोटोत छान दिसतात, पण त्यात रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवायला दोघं लागतात. बैठक जमिनीपासून साधारण दीड फूट हवी, म्हणजे घरच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीइतकी. हात टेकायला दांडे असले तर आणखी बरं.

मग संडासाचं विचारा. लाजू नका, हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. कमोड आहे का, आणि तो कॅफेचा स्वतःचा आहे की अख्ख्या कॉम्प्लेक्सचा मिळून एक, एवढं कळलं की पुरे. कॉम्प्लेक्सचा सामाईक संडास संध्याकाळी सातनंतर कुलपात असतो किंवा असू नये त्या अवस्थेत असतो.

तिसरा प्रश्न एसीचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, त्यामुळे 'हवेशीर आहे' या उत्तरावर भागवू नका. कूलर असेल तर महिना बघा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की हवेतच दमटपणा भरलेला असतो, वाफ होत नाही, आणि तोच कूलर अंग चिकट करतो. म्हणजे मेमध्ये पास झालेली जागा जुलैत नापास होऊ शकते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं तेही विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी नुसते दिवे आणि एखादा पंखा चालतो. ग्रिलर आणि कॉफीचं मशिन बंद म्हणजे ऑर्डर अर्ध्यात लटकली.

आणि एक प्रश्न सरळ विचारून टाकायचा: "ओपन बसायचं आहे का केबिन?" पडदे लावलेले कप्पे, काचांना काळी फिल्म, तासावर पैसे, अशी जागा कुटुंबासाठी नसते. पोहोचल्यावर दारातून माघारी फिरण्यापेक्षा फोनवरच कळलेलं बरं.

वेळ निवडताना रविवारी ७ ते ९ टाळा. त्या दोन तासांत कुठलाच कॅफे आपली खरी चव दाखवत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ते साडेसहा ही वेळ पारखायला सगळ्यांत चांगली. दूध ताजं, तेल त्यातल्या त्यात नवं, पोरगा थकलेला नाही. उन्हाळ्यात मात्र पाचलाही रस्ता भाजतो, तेव्हा सातच्या पुढेच निघा.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं

मेन्यू हातात घेण्याआधी पाणी मागवा. ग्लासाची कड नाकाशी न्या. ओल्या फडक्याचा वास आला तर भांडी एकाच फडक्यानं पुसली जातात. जग असेल तर आत डोकावून तोंडाच्या खालची कडा बघा, बुळबुळीत थर तिथंच धरतो. पाणी कुठलं आहे तेही विचारा. वीस लिटरच्या गार जारवर पुष्कळदा ना सील असतं ना तारीख. लहान पोरं बरोबर असतील तर घरची बाटली न्या किंवा सीलबंद घ्या.

टेबलावर तळहात टेकवून उचला. चिकटला तर पुसणं वरवरचं आहे. मग कुणालातरी हात धुवायला पाठवा. साबण आहे का, नळाला पाणी आहे का, खाली निसरडं आहे का, एवढं एक जण बघून येतो. स्वयंपाकघर प्रत्येक वेळी दिसत नाही, पण बेसिन दिसतं, आणि दोन्हींवर देखरेख करणारा माणूस एकच असतो.

आवाजाची परीक्षा सोपी. आजीला समोर बसवा आणि नेहमीच्या आवाजात विचारा, "आजी, काय घेशील?" दोनदा विचारावं लागलं तर गाणी मोठी आहेत. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप असेल तर बघा: ६०-६५ डेसिबलपर्यंत गप्पा आरामात होतात, ७५ च्या वर गेलं की सगळे ओरडून बोलायला लागतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. आवाज कमी करायला सांगा आणि काय होतं ते बघा. लगेच कमी केला, तर मालकाला गिऱ्हाइकाची किंमत आहे. 'करतो' म्हणून केलाच नाही, तर पुढच्या सगळ्या मागण्यांचं तेच होणार आहे.

बसण्याची जागा स्वतः निवडा. कूलरच्या थेट झोतात म्हातारी माणसं नकोत, तीन वर्षांचं पोर वाटेच्या कडेला नको (गरम ट्रे तिथूनच जातात), आणि स्पीकरखाली कुणीच नको. मंद पिवळा उजेड दिसायला गोड, पण त्यात पदार्थाचा खरा रंग कळत नाही. ताट आलं की मोबाइलची बॅटरी क्षणभर लावून बघायला हरकत नाही. मालकाकडे बघत लावू नका म्हणजे झालं.

कॉफी

इथं जरा थांबू, कारण कॅफेची पत कॉफीत कळते आणि सगळ्यांत जास्त गफलत तिथंच होते.

आपल्याकडे 'हॉट कॉफी' म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा इन्स्टंट पावडर, साखर आणि थोडं पाणी फेटून त्यावर ओतलेलं गरम दूध असतं. त्यात वाईट काही नाही, चांगली फेटलेली असली तर झकास लागते. फक्त तिचे पैसे कॅपुचिनोच्या भावानं घेऊ नयेत. म्हणून विचारा: "मशिनची आहे की फेटलेली?"

मशिनची असेल तर गल्ल्याजवळ उभं राहून एक कप होताना बघा. दोन शॉटसाठी (शॉट म्हणजे मशिनमधून दाबानं काढलेला कॉफीचा घट्ट अर्क) साधारण १८ ग्रॅम पूड, ९ बारच्या आसपास दाब, आणि २५ ते ३० सेकंदांत जवळपास ३६ ग्रॅम कॉफी, असा ढोबळ हिशोब. धार मधासारखी संथ पडायला हवी. दहा-बारा सेकंदांत भसाभस पाणी आलं तर दळण जाड आहे किंवा पूड कमी आहे. अशी कॉफी पांचट आणि आंबट लागते. चाळीस सेकंद झाले तरी थेंबथेंबच पडत असेल तर दळण फार बारीक, मग ती कडू आणि जळकी. कडू म्हणजे कडक असं समजून आपण ती गुपचूप पितो, आणि दोन चमचे साखर टाकून चूक झाकतो.

दुधाकडे तर डोळे लावून बघा. वाफेची नळी दुधात घालण्याआधी आणि नंतर पोरगा ती ओल्या कापडानं पुसतो का आणि जराशी वाफ बाहेर सोडतो का? नसेल तर सकाळपासूनचं दूध त्या नळीवर वाळत चाललंय. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबायला हवं. ७० च्या पुढे गेलं की त्याचा गोडवा जाऊन उतू गेलेल्या दुधाचा वास येतो. आणि जगमधलं उरलेलं दूध पुन्हा वाफवून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलं, तर फेसाचे मोठे-मोठे बुडबुडे दिसतात, साबणाच्या पाण्यासारखे. चांगला फेस बारीक आणि चकचकीत असतो, कॅपुचिनोवर बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतका. चमच्यानं बाजूला सारला की तो हळूहळू परत जागेवर येतो.

आपल्याकडे एक अडचण नेहमीची. आजी-नानांना चहा लागतो तो उकळता, आणि ६० अंशांची कॉफी त्यांना कोमट वाटते. 'गार आहे' म्हणून परत पाठवली की पोरगा तीच पुन्हा तापवतो आणि बिघडवून आणतो. त्यापेक्षा आधीच सांगा: "एक कप जास्त गरम, फेस कमी." किंवा त्यांच्यासाठी सरळ चहाच घ्या. चहा नसलेला कॅफे खानदेशात घरच्यांसाठी अर्धाच म्हणायचा.

कोल्ड कॉफीचं वेगळं. एका ग्लासला साधारण २०० मिली थंडगार दूध, दोन लहान चमचे पावडर, एक गोळा आइस्क्रीम आणि तीन-चारच बर्फाचे तुकडे. ग्लास आला की पाच मिनिटं हात न लावता ठेवा. खाली पाणचट थर आणि वर फेस अशी फूट पडली तर बर्फ जास्त, दूध कमी. आइस्क्रीमच्या डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर ते दुधाच्या नाही, वनस्पती तेलाच्या स्निग्धतेचं असतं आणि टाळूला तुपकट थर ठेवून जातं. बर्फ निळसर दिसला तर अजिबात घेऊ नका. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणूनच त्यात निळा रंग घालायचा नियम आहे.

केळ्याचा शेक जळगावच्या मुलखात मागवायलाच हवा, आणि तिथंच हसूही येतं, कारण केळीच्या गावात केळं काळं पडलेलं निघतं. शेक ताजा असेल तर रंग पांढुरका-पिवळा. तपकिरी झाक आणि जरा आंबूस वास म्हणजे केळी आधीच सोलून ठेवली होती.

सँडविच, फ्राइज आणि बाकीचं

साधं ग्रिल सँडविच सगळी गुपितं सांगतं. मधोमध कापलेली कड बघा. पावाचा आतला भाग ओला लगदा झाला असेल तर काकडी-टोमॅटो आधीच चिरून, मीठ लावून ठेवले होते आणि त्यांचं पाणी सुटलं. लोणी काठापर्यंत लावलं असेल तर चटणीचं पाणी पावात झिरपत नाही. हिरवी चटणी पोपटी, झगझगीत दिसली तर रंग आहे. कोथिंबिरीची चटणी तासाभरात जरा काळवंडतेच.

बहुतेक लहान कॅफेंत ग्रिलर एक, त्यावर एका वेळी दोन-तीन सँडविच मावतात, एका खेपेला चार-पाच मिनिटं. सहा सँडविच एकदम मागवली तर पहिल्याचं संपतं तेव्हा शेवटच्याचं येतं. म्हणून दोन फेऱ्यांत मागवा. सहा-सात जणांना पहिल्या फेरीत दोन सँडविच (प्रत्येकाचे चार तुकडे करून), एक मध्यम पिझ्झा, एक फ्राइज, मग चव बघून दुसरी फेरी. कोल्ड कॉफी 'वन बाय टू' मागायला संकोच करू नका. त्यावर तोंड वाकडं करणाऱ्या जागी दुसरी फेरीच नको.

फ्राइज पाच मिनिटांत मलूल झाल्या तर तेल पुरेसं तापलं नव्हतं. १७५-१८० अंशांना बाहेरचा थर लगेच बांधला जातो, त्याहून थंड तेलात बटाटा तेल पीत बसतो. तेल जुनं असेल तर तोंडाशी नेतानाच खवट वास येतो आणि घशाला खवखव सुटते. नियमानं तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. टेबलावर बसून ते मोजता येत नाही, पण कढईत काळपट, घट्ट, फेसाळलेलं तेल दिसलं तर तळणाचं काहीच घेऊ नका.

मेयोनीजची बाटली गल्ल्यावर उन्हात उभी दिसली की मेयो असलेलं सगळं टाळा. नाशवंत पदार्थ ५ अंशांखाली किंवा ६० च्या वर ठेवायचे असतात, मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि मेमधलं आपलं घर-दुकान बरोबर त्या पट्ट्यात असतं.

घरात जैन किंवा उपासाचं माणूस असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, ताट आल्यावर नाही. जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि हे सांगितल्यावर बटाट्याऐवजी कच्च्या केळीचं सारण देणारा कॅफे आपल्याकडे मिळतो. पण चटणीत लसूण आहे का ते वेगळं विचारावं लागतं. उपासाला 'फ्राइज चालतील' असं म्हणतात, तिथं सावध: गोठवलेल्या तयार फ्राइजना पुष्कळदा पिठाचा पातळ थर असतो, आणि त्या ब्रेडच्या पदार्थांच्याच तेलात तळल्या जातात. काटेकोर उपास असेल तर फळं, दूध, साधा शेक एवढंच धरा. अंडं न खाणाऱ्यांनी केक, ब्राउनी, वॉफल आणि मेयो या चारांबद्दल विचारायचं.

गावचं खाणं मेन्यूत असेल तर

हल्ली कॅफेतही शेवभाजी मिळते, आणि ती मागवावी. मोठी माणसं सँडविच दोन घास खाऊन ठेवतात, शेवभाजी आली की सरसावून बसतात.

वाटी समोर आली की आधी वास घ्या. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा आणि काळा मसाला एकामागून एक कळायला हवेत. नुसता तिखटाचा ठसका आला तर मसाला कमी आणि मिरचीपूड जास्त. तर्रीचा एक थेंब भाकरीवर टाका. मिरचीच्या तेलाचा डाग नारिंगी पसरतो. गुलाबी-लाल कड सुटली आणि बोटावरचा रंग साबणानंही पटकन जाईना, तर वरून रंग मारलाय. शेव जाड हवी आणि वाढतानाच रश्श्यात पडायला हवी. वाटीत तिचा आधीच गाळ झाला असेल तर ती मघाशीच टाकून ठेवली होती, किंवा तिच्यात सोडा जास्त होता. चांगली शेव पाच-सात मिनिटं बाहेरून मऊ आणि आत जरा दाताखाली राहते. पोरांसाठी सांगायचं, "भाऊ, तर्री वेगळी द्या," म्हणजे एकाच भाजीत दोघांचं भागतं.

भरीत मागवायचं तर हंगाम बघा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. ही हिरवट-पांढरी, मोठी वांगी थंडीची. चंपाषष्ठीपासून पुढचे दोन-अडीच महिने ती खरी चवीला असतात. मेमध्ये मेन्यूत भरीत असेल तर वांगं कुठलं ते विचारा. कपाशीच्या पराटीवर (वाळलेल्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्याला जो धूर लागतो तो गॅसवर लागत नाही, आणि बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेल्या भरितात रेषा राहतात, मिक्सरमधल्याची पेस्ट होते. रंग फिकट हिरवट, आत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. लाल तिखट आणि टोमॅटो दिसला तर ते वांग्याचं भरीत असेल, आपलं भरीत नाही. बरोबर कळण्याची भाकरी विचारा: साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, सालासकट दळलेले. ती राखाडी-काळसर दिसते आणि उडदामुळे किंचित चिकट असते. पांढरीशुभ्र आली तर ती नुसती ज्वारीची.

वरण-बट्टी आयत्या वेळी मागू नका. बट्टी आधी वाफवून मग तळायची किंवा भाजायची, त्याला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत आली म्हणजे सकाळची. कुस्करून बघा: रव्यासारखी मोकळी व्हायला हवी. मधे पिठाची गाठ सापडली तर वाफ कमी पडली, आणि ती गाठ रात्री पोटात दगडासारखी बसते.

कोण काय म्हणतंय

घरच्यांचं मत विचारायची पद्धत असते. "कसं शे?" विचारलं की आजी "बरं शे" म्हणणार. पोरानं पैसे घातलेत, त्याला नाराज कशाला करा. त्यावर जाऊ नका, ताट बघा. पहिल्या घासानंतर वाटी किती पुढे सरकवली, पाणी किती वेळा प्यायलं, उरलेलं कुणाच्या ताटात ढकललं. वहिनी पदार्थ 'छान आहे' म्हणून सगळ्यांना वाटत सुटली तर तिला तो आवडलेला नाही. सासरची माणसं बरोबर असतील तर हे आणखी खरं. पोरांचं उलट. ती स्पष्ट सांगतात, पण त्यांना सॉस असला की सगळंच आवडतं.

वाढदिवस असेल तर आधीच ठरवून घ्या: बाहेरचा केक चालतो का, सजावटीचे किती, प्लेटा कोण देणार. आणि फवाऱ्याचा फेस उडवू देऊ नका. त्यातला वायू पेट घेणारा असतो, आणि समोर मेणबत्त्या असतात.

बिल

बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर छापलेला असावा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. साध्या कॅफेला जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. ८४० रुपयांच्या खाण्यावर २१ अधिक २१, एकूण ८८२. कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या) दुकानाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. सर्व्हिस चार्ज आपोआप जोडता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या तशा मार्गदर्शक सूचना आहेत. 'हा काढून द्या' म्हणायचं. नाहीच काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

नोंद घरी आल्यावर त्याच रात्री करा, वहीत किंवा मोबाइलवर: तारीख, वार, किती वाजता, किती जण, काय मागवलं, पहिली डिश किती मिनिटांत आली, कुणाच्या ताटात काय उरलं. 'अँबियन्स मस्त' हे लिहिण्यापेक्षा 'जिन्याच्या १८ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला' हे लिहिलेलं पुढच्या माणसाच्या कामाला येतं. ऑनलाइन मत टाकायचं असेल तर एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा गर्दीच्या दिवशी जाऊन मग टाका. पोट बिघडलं तर लगेच कॅफेवर खापर फोडू नका. अन्नातून होणारा त्रास दोन तासांतही दिसतो आणि दोन दिवसांनीही, त्यामुळे दुपारचं लग्नाचं जेवणही आरोपी असू शकतं. एकच पदार्थ खाल्लेल्या दोघा-तिघांना त्रास झाला आणि न खाल्लेल्यांना झाला नाही, तर संशयाला जागा आहे.

घरी कुणी राहिलं असेल तर त्याच्यासाठी पार्सल घ्या, आणि शेवभाजी नेत असाल तर शेव कोरडी, कागदात वेगळी बांधायला सांगा. रस्सा उकळता असताना पातळ पिशवीत भरू देऊ नका, घरून स्टीलचा डबा न्या. घरी रश्श्याला एक चांगली उकळी आणायची, घट्ट झाला असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालायचं, आणि शेव ताट वाढल्यावरच सोडायची.